स्त्रियांचा सीमापार अपव्यापार आणि पोलीस : छाप्यापासून घरापर्यंत

भारतीय संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा अपव्यापार, वेठबिगार आणि सक्तीचे श्रम यांना मनाई केली आहे. विद्यार्थ्यांनी हे कलम लक्षपूर्वक वाचले पाहिजे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणातील बहुतेक हक्क राज्यसंस्थेविरुद्ध आहेत. परंतु अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलम १७ प्रमाणेच कलम २३ हे खासगी व्यक्तीविरुद्धही लागू पडते. म्हणजे गावातील दलाल, प्रवासात सोबत करणारा खोटा 'मामा' आणि कुंटणखाना चालविणारी घरवाली या सर्वांना ते बांधून टाकते. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, हे संरक्षण केवळ भारतीय नागरिकांपुरते नाही. स्त्री नेपाळची असो वा बांगलादेशची, भारताच्या भूमीवर तिची खरेदी-विक्री करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांच्या जोडीला 'सत्तवणिज्जा' म्हणजे जीवांचा व्यापार आहे. अट्ठकथेने त्याचा अर्थ माणसांची विक्री असा स्पष्ट केला आहे. धम्माने अडीच हजार वर्षांपूर्वी जे वर्ज्य ठरविले आणि संविधानाने १९५० साली ज्यास मनाई केली, तो व्यापार आजही चालतो. तो थांबविण्याची पहिली जबाबदारी पोलिसांवर येते. पोलीस हे काम कसे करतात, कायद्याने त्यांना कोणते अधिकार दिले आहेत आणि त्यांचे प्रयत्न कोठे अपुरे पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखाचे सूत्र थोडक्यात सांगायचे तर असे : छापा घालून दरवाजा उघडला म्हणजे काम संपत नाही. सुटका झालेली स्त्री साक्ष देऊन, सन्मानाने, तिला जेथे जायचे आहे तेथे पोहोचते तेव्हाच ते पुरे होते.

ही वाट कशी चालते

भारत आणि नेपाळ यांच्यामधील सीमा सुमारे १,७५१ किलोमीटर लांबीची आहे. १९५० च्या मैत्री करारानुसार दोन्ही देशांच्या नागरिकांना ती ओलांडण्यासाठी पासपोर्ट वा व्हिसा लागत नाही. आपल्यापैकी अनेक जण कुशीनगर, लुंबिनीच्या यात्रेला गेले असतील. गोरखपूरहून सोनौलीला जाऊन कमानीखालून पलीकडे पायी जाता येते, हे त्यांनी पाहिलेच असेल. या मोकळ्या सीमेवर दोन्ही बाजूंच्या लाखो गरीब लोकांची रोजीरोटी अवलंबून आहे, तेव्हा ती मोकळी असणे हा दोष नव्हे. परंतु त्याच मोकळेपणाचा फायदा दलाल घेतो. सोनौली, रक्सौल, रुपईडिहा, जोगबनी, पानीटंकी ही त्याच्या वाटेवरची ठाणी आहेत.

नेपाळमधील सिंधुपाल्चोक, नुवाकोट, मकवानपूर अशा डोंगराळ जिल्ह्यांतून मुली मोठ्या प्रमाणावर नेल्या गेल्या. त्यांत तामांग समाजाच्या मुली पुष्कळ होत्या. हा समाज बहुसंख्येने बौद्ध आहे आणि राणांच्या राजवटीत, म्हणजे १८४६ ते १९५१ या काळात, त्याच्यावर वेठबिगार लादली गेली होती. ज्यांच्याकडे जमीन थोडी, शिक्षण नाही आणि सरकारदरबारी वजन नाही, त्यांच्याच घरातील मुली बाजारात जातात, हा नियम सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे.

पद्धत साधी असते. ओळखीचा माणूस, दूरचा नातेवाईक किंवा शेजारीण मुलीला नोकरीचे आमिष दाखवते. कधी खोटे लग्न लावले जाते. १९८० आणि १९९० च्या दशकांत काठमांडूचे गालिचा कारखाने ही या वाटेवरची एक पायरी होती. डोंगरातून मुलगी कारखान्यात यायची आणि तेथून दलालाच्या हाती लागायची. सीमा ओलांडली की गोरखपूरहून मुंबईकडे थेट रेल्वेगाड्या आहेत. मुंबईत कामाठीपुरा किंवा फॉकलंड रोड, म्हणजे आताचा पठ्ठे बापूराव मार्ग, येथे तिची विक्री होत असे. घरवालीने मोजलेली रक्कम मुलीच्या नावावर 'कर्ज' म्हणून लिहिली जाई, त्यावर व्याज चढे, आणि ते कर्ज फिटल्याशिवाय तिला दाराबाहेर पाऊल टाकता येत नसे. वेठबिगारीतील सावकारी आणि ही सावकारी यांत तत्त्वतः काहीच फरक नाही.

आता हे चित्र पुष्कळ बदलले आहे. कामाठीपुऱ्यातील वस्ती विरळ झाली. धंदा लॉज, भाड्याचे फ्लॅट आणि मोबाईल फोन यांच्या आडोशाला गेला. त्यामुळे जो बाजार पूर्वी रस्त्यावरून दिसत होता, तो आता पोलिसांनाही सहज दिसत नाही.

कायद्याने पोलिसांना काय दिले

१९५० साली भारताने व्यक्तींच्या अपव्यापाराविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली. त्यानुसार १९५६ चा कायदा झाला. १९८६ च्या दुरुस्तीनंतर त्याचे नाव 'अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम' असे झाले. पोलीस ठाण्यात आणि वृत्तपत्रांत त्याला 'पिटा' म्हणतात. त्यातील मुख्य तरतुदी अशा :

(१) कलम ३ : कुंटणखाना चालविणे किंवा त्यासाठी जागा देणे हा गुन्हा आहे. म्हणजे जागेचा मालकही यातून सुटत नाही.
(२) कलम ४ : दुसऱ्याच्या वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जगणे हा गुन्हा आहे.
(३) कलम ५ : वेश्याव्यवसायासाठी व्यक्ती मिळविणे, नेणे वा प्रवृत्त करणे हा गुन्हा आहे. दलालाला गाठणारे हेच कलम.
(४) कलम ६ : व्यक्तीला अशा जागी डांबून ठेवणे हा गुन्हा आहे.
(५) कलम १३ : या कायद्याखाली विशेष पोलीस अधिकारी नेमला जातो. तो निरीक्षकाच्या दर्जापेक्षा खालचा असता कामा नये. एकाहून अधिक राज्यांत पसरलेल्या गुन्ह्यांसाठी केंद्र सरकारही अधिकारी नेमू शकते.
(६) कलम १५ : विशेष पोलीस अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती घेता येते. मात्र दोन प्रतिष्ठित पंच बोलवावे लागतात, त्यांपैकी निदान एक स्त्री असावी लागते, आणि झडतीच्या पथकात किमान दोन महिला पोलीस असाव्या लागतात.

या यादीत सज्ञान स्त्रीने केलेला वेश्याव्यवसाय हा गुन्हा म्हणून कोठेच आलेला नाही. कायद्याचा रोख व्यापार करणाऱ्यावर आहे. परंतु याच कायद्यात कलम ८ आहे. सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे हा त्यानुसार गुन्हा ठरतो. रस्त्यावर उभी असलेली बाई पकडणे सोपे, माडीवरच्या कपाटातला हिशेब पकडणे कठीण. त्यामुळे वर्षानुवर्षे या कलमाखाली बायकाच पकडल्या गेल्या, दंड भरून सुटल्या, आणि तो दंडही त्यांच्याच 'कर्जा'त जमा झाला.

भारतीय दंड संहितेत कलम ३६६-ब हे परदेशातून २१ वर्षांखालील मुलगी आणण्याविरुद्ध होते. न्या. वर्मा समितीच्या शिफारशीनंतर २०१३ साली कलम ३७० नव्याने लिहिले गेले आणि अपव्यापाराची नेमकी व्याख्या प्रथमच दंड संहितेत आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून हे विषय आता तिच्या कलम १४१, १४३ आणि १४४ मध्ये आहेत. कलम १४३ मधील एक वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे : अपव्यापार झाला की नाही हे ठरविताना पीडित व्यक्तीची संमती विचारात घेतली जात नाही. फसवणुकीने, धाकाने वा पैशाच्या जोरावर मिळविलेला होकार हा दलालाचा बचाव होऊ शकत नाही.

फेब्रुवारी १९९६ : मुंबईचा धडा

पोलिसांच्या प्रयत्नांचा इतिहास सांगताना एका घटनेपाशी थांबावे लागते. मुंबईच्या कुंटणखान्यांतील अल्पवयीन मुलींच्या प्रश्नाची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये पोलिसांनी कामाठीपुरा भागात मोठ्या प्रमाणावर छापे घातले. चारशेहून अधिक मुली व स्त्रिया बाहेर काढल्या गेल्या. त्यांत नेपाळच्या मुलींची संख्या फार मोठी होती.

संख्येच्या दृष्टीने ही कारवाई अभूतपूर्व होती. पण दुसऱ्या दिवशी काय करायचे याची तयारी कोणाचीच नव्हती. इतक्या मुलींना ठेवण्यास शासकीय गृहे अपुरी होती. मुलींना मराठी वा हिंदी नीट येत नव्हते आणि गृहातील कर्मचाऱ्यांना नेपाळी येत नव्हते. काही मुली आजारी होत्या. त्यांचे कुंटणखान्यातील जीवन नुकतेच संपले होते आणि पुन्हा एक कुलूपबंद दार त्यांच्यासमोर आले होते. तत्कालीन नेपाळ सरकारने त्यांना परत घेण्याबाबत टाळाटाळ केली. त्या नेपाळी असल्याचा पुरावा काय, हा एक प्रश्न पुढे करण्यात आला. दुसरे कारण एड्सच्या धास्तीचे होते. मुली महिनोन्‌महिने गृहांत राहिल्या. अखेर नेपाळमधील काही स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन जुलै १९९६ मध्ये सव्वाशेच्या सुमारास मुलींना काठमांडूला नेले. अनुराधा कोईराला यांनी १९९३ साली स्थापन केलेली 'माइती नेपाल' ही त्यांतील एक संस्था होय. नेपाळी भाषेत 'माइती' म्हणजे माहेर.

या घटनेतून पुढील पोलीस कामकाजासाठी तीन धडे मिळाले. पहिला, छाप्यापूर्वीच निवारा, दुभाषी, डॉक्टर आणि समाजकार्यकर्ती यांची व्यवस्था झाली पाहिजे. दुसरा, दोन देशांच्या पोलिसांत व शासनांत आधीच समझोता असला पाहिजे. तिसरा, बाहेर काढलेल्या स्त्रीला माल मोजावा तसे मोजून चालत नाही. 'इतक्या मुली सोडविल्या' हा आकडा वृत्तपत्राला पुरतो. त्या मुलींचे पुढे काय झाले, हे त्या आकड्यातून कळत नाही.

सीमेवरची नाकेबंदी

नेपाळ सीमेची जबाबदारी २००१ पासून सशस्त्र सीमा बलाकडे आहे. बांगलादेश सीमा, जी ४,००० किलोमीटरहून अधिक लांब आहे, ती सीमा सुरक्षा दल पाहते. नेपाळच्या नाक्यांवर स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्याही उभ्या असतात. त्यांपैकी काही जणी स्वतः या बाजारातून सुटून आलेल्या आहेत, म्हणून दलालाची चाल त्यांच्या नजरेला लवकर दिसते.

तपासण्याची रीत अशी. मुलगी आणि तिचा सोबती यांना बाजूबाजूला घेऊन वेगवेगळे प्रश्न विचारतात. नाव काय, गाव कोणते, नाते काय, कोठे चालला आहात, तेथे कोणाकडे उतरणार? दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तिची कागदपत्रे त्याच्या खिशात असली, तिला मुक्कामाचे गाव सांगता आले नाही, म्हणजे संशयाला जागा आहे. मग तिच्या घरी फोन करून खात्री केली जाते. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर, हजारो घरे पडली असताना, ही तपासणी अधिक कडक करावी लागली होती. आपत्तीत मदतकार्यकर्त्यांच्या पाठोपाठ दलालही गावात पोहोचतो.

परंतु येथेही एक मर्यादा सांभाळली पाहिजे. संशयाच्या नावाखाली कामासाठी निघालेल्या प्रत्येक सज्ञान स्त्रीला परत पाठविणे हा उपाय नव्हे. २०१२ साली नेपाळने तीस वर्षांखालील स्त्रियांना घरकामासाठी आखाती देशांत जाण्यास बंदी केली. स्त्रियांची गरज तशीच राहिली, म्हणून त्या दलालामार्फत भारतातील विमानतळांवरून चोरवाटेने जाऊ लागल्या. कायदेशीर वाट बंद केली की दलालाची किंमत वाढते. पोलिसांनी स्त्रीला अडवायचे नसून तिला विकणाऱ्याला अडवायचे आहे, हे तारतम्य नाक्यावरच्या शिपायाला शिकवावे लागते.

न्यायालयात खटला का टिकत नाही

छापा पडतो, घरवाली अटक होते, पण काही वर्षांनी आरोपी निर्दोष सुटतात. याचे मुख्य कारण असे की फिर्यादी पक्षाची प्रमुख साक्षीदार तोपर्यंत परत गेलेली असते. तिचे गाव डोंगरात, समन्स पोहोचत नाही. पोहोचले तरी पुन्हा त्या शहरात, त्याच माणसांसमोर उभे राहण्याची तिची तयारी नसते. तोपर्यंत दलालाचा माणूस तिच्या घरी जाऊन आलेला असतो. प्रतीक्षेचे दुसरे टोक याहून वाईट आहे : साक्ष होईपर्यंत तिला वर्षानुवर्षे गृहात अडकवून ठेवायचे. गुन्हा दुसऱ्याचा आणि कोंडलेली ती!

यावर काही मार्ग निघाले आहेत. नेपाळच्या २००७ च्या कायद्यात अशी तरतूद आहे की, पीडितेने तक्रार करताच पोलिसांनी तिचा जबाब जिल्हा न्यायालयाकडून प्रमाणित करून घ्यावा. पुढे ती हजर राहू शकली नाही तरी तो जबाब पुरावा म्हणून वाचता येतो. शिवाय नेपाळी नागरिकाविरुद्ध परदेशात झालेल्या अशा गुन्ह्याचा खटला नेपाळमध्येही चालू शकतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली महाराष्ट्रातीलच एका वैद्यकीय प्रकरणात दृक्‌श्राव्य माध्यमाद्वारे घेतलेली साक्ष ग्राह्य ठरविली. त्या निकालामुळे मायदेशी परतलेल्या स्त्रीची साक्ष तेथूनच नोंदविण्याचा मार्ग खुला झाला. ज्या तपास अधिकाऱ्याला हा मार्ग ठाऊक आहे, त्याला साक्षीसाठी स्त्रीला डांबून ठेवावे लागत नाही.

दुसरी अडचण वकिलांच्या बाबतीत होती. आरोपी घरवालीचा वकीलच सुटका झालेल्या मुलींचा वकील म्हणून उभा राही आणि त्यांना 'सोडवून' पुन्हा तेथेच नेई. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या 'प्रेरणा' या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली याबाबत स्पष्ट आदेश दिले. एकच वकील आरोपी व पीडिता या दोघांच्या वतीने उभा राहू शकत नाही. अल्पवयीन मुलीला गुन्हेगार न मानता काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक मानावे. तिचा ताबा खात्री केल्याशिवाय कोणाही 'नातेवाइका'ला देऊ नये. आज हे सारे उघड वाटते. परंतु ते न्यायालयाला लिहून द्यावे लागले, यावरून पूर्वी काय घडत होते याची कल्पना यावी.

सज्ञान स्त्रीबाबत उच्च न्यायालयाने २०२० साली आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : तिच्या इच्छेविरुद्ध तिला सुधारगृहात डांबता येणार नाही. सुटका आणि कैद यांतील रेषा पोलिसांनी व न्यायालयांनी सतत तपासत राहिली पाहिजे.

पीडित की आरोपी?

बांगलादेशी स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होतो. त्या सीमेवर पासपोर्ट व व्हिसा लागतो. दलालाने रात्री बोनगावच्या बाजूने आणलेल्या मुलीकडे यांपैकी काहीच नसते. मग छाप्यानंतर तिच्यावरच १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याखाली गुन्हा दाखल होत असे. विकणारा जामिनावर बाहेर आणि विकली गेलेली तुरुंगात, असे उलटे चित्र उभे राही. केंद्रीय गृहमंत्रालयाने मे २०१२ मध्ये राज्यांना कळविले की, चौकशीत परदेशी स्त्री वा बालक अपव्यापाराची बळी असल्याचे आढळल्यास तिच्यावर त्या कायद्याखाली खटला चालवू नये आणि तिला मायदेशी पाठविण्याची व्यवस्था करावी. जून २०१५ मध्ये भारत व बांगलादेश यांच्यात अपव्यापार रोखण्यासाठी सामंजस्य करार झाला. भारताने २०११ साली, बांगलादेशाने २०१९ साली आणि नेपाळने २०२० साली संयुक्त राष्ट्रांचा अपव्यापारविरोधी शिष्टाचार मान्य केला.

करार आवश्यक आहेत. पण रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात बसलेल्या भेदरलेल्या मुलीसाठी करार म्हणजे समोरची महिला हवालदार. तिने पहिला प्रश्न 'तुझी कागदपत्रे कुठे आहेत?' असा विचारायचा की 'तुला इथे कोणी आणले?' असा, यावर पुढची सारी दिशा ठरते. म्हणून २००६ नंतर देशभर उभारलेल्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षांमध्ये आणि मुंबई पोलिसांच्या समाजसेवा शाखेत प्रशिक्षित, स्थिर मनुष्यबळ असणे महत्त्वाचे आहे. अनुभवी अधिकाऱ्याची दोन वर्षांत बदली झाली की त्याने जोडलेली माणसे आणि माहितीचे धागे त्याच्याबरोबर जातात.

येथे एक कटू सत्यही नोंदविले पाहिजे. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने १९९५ साली मुंबईतील नेपाळी मुलींसंबंधी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात दोन्ही देशांतील काही पोलिसांच्या संगनमताकडे बोट दाखविले होते. छाप्याची खबर आधी फुटली की माळ्यावरच्या पोकळीत मुली लपविल्या जातात आणि पथक रिकाम्या हाताने परतते. प्रामाणिक अधिकाऱ्याच्या मेहनतीवर पाणी पडते ते अशा वेळी. तेव्हा पोलीस दलाची अंतर्गत स्वच्छता हाही या लढ्याचाच भाग आहे.

आपले कर्तव्य

हा विषय केवळ पोलिसांवर सोपवून चालणार नाही. आपल्या वस्तीत भाड्याने दिलेल्या खोलीत कोण राहते, एखादी परप्रांतीय वा परदेशी मुलगी कधीच एकटी बाहेर का दिसत नाही, याकडे लक्ष असावे. संशय आल्यास स्वतः दरवाजा ठोठावू नये, त्याने मुलीला दुसरीकडे हलविले जाते. ११२ या क्रमांकावर पोलिसांना किंवा मुलगी लहान असल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. पंच म्हणून बोलावणे आले तर सुशिक्षित स्त्रियांनी ते टाळू नये. कलम १५ मधील ती स्त्री पंच कोणीतरी व्हायलाच हवी. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी विधी सेवा प्राधिकरणामार्फत अशा स्त्रियांना साहाय्य करावे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, सुटून आलेली मुलगी आपल्या शेजारी राहायला आली तर तिला पूर्वायुष्य विचारू नये. जिला समाज जागा देत नाही, तिला बाजार पुन्हा जागा देतो.

कलम २३ हे संविधानात लिहिलेले एक वाक्य आहे. ते खरे करण्याचे काम सीमेवरचा शिपाई, ठाण्यातील हवालदार, न्यायालयातील वकील आणि शेजारची गृहिणी यांनी मिळून करायचे आहे.

अभ्यास मंडळासाठी प्रश्न

१. कलम १७ आणि कलम २३ यांतील साम्य स्पष्ट करा.
२. 'पिटा' कायद्याचा रोख कोणावर आहे? कलम ८ मुळे त्यात कोणती विसंगती येते?
३. १९९६ च्या मुंबईतील कारवाईतून कोणते तीन धडे मिळाले? ते आपल्या जिल्ह्यात कसे अमलात आणता येतील?
४. साक्षीसाठी स्त्रीला गृहात अडकवून न ठेवता खटला कसा चालविता येईल?
५. सीमेवरची तपासणी आणि स्त्रीचे प्रवासस्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालावा, यावर गटचर्चा करा.